मोटरहोमच्या नळांचं विंटरायझिंग किट: ठाणे-नवी मुंबईच्या गाड्यांना कितपत लागू पडतं?

विंटरायझिंग म्हणजे गोठवणाऱ्या थंडीआधी गाडीच्या नळजोडणीतलं पाणी काढणं किंवा त्याजागी सहजी न गोठणारा द्रव, म्हणजे अँटीफ्रीझ, भरणं. अमेरिकी पद्धतीच्या विंटरायझिंग किटमध्ये साधारण पाच वस्तू असतात. हवा मारायचा ब्लो-आउट प्लग, हातपंप, पाण्याच्या पंपाआधी बसवायचा थ्री-वे व्हॉल्व्ह आणि त्याची नळी, गिझर वगळायचा बायपास, आणि गुलाबी अँटीफ्रीझचे कॅन. त्यातला थ्री-वे व्हॉल्व्ह डोळे मिटून घ्यावा. बायपास इथेच बनवून घ्यावा. प्लग आपल्या गाडीला आहे तसा बसणार नाही. आणि गुलाबी द्रवाला हात लावण्याआधी गाडीत कुठला पाइप टाकलाय ते बघावं, कारण इथे बांधलेल्या बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत सगळं त्यावरच अडतं. किट ज्या गाड्यांसाठी बनलंय त्यात पेक्स, म्हणजे वाकणारा प्लास्टिक पाइप असतो. आपल्याकडे घराचं प्लंबिंग करणाराच गाडीचं करतो आणि हाताशी असलेला सीपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक पाइप टाकतो.

ठाण्यात किंवा वाशीत पाणी गोठत नाही, त्यामुळे गाडी बांधताना कुणी त्याचा विचार करत नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो, तेवढीच आपली गोठण्याशी ओळख. पण ३ ऑक्टोबर २०२० ला मनालीजवळचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिमाचलमधलं लाहौल हिवाळ्यातही गाडीच्या टप्प्यात आलं. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ असतो, तेव्हा तिथे पारा रात्री सहसा शून्याखालीच राहतो. स्पितीतल्या काझाला तर जानेवारीत उणे २० ही नवलाची गोष्ट नाही. अशा ठिकाणी गाडी एक रात्र नुसती उभी राहिली तरी नळजोडणीचं नुकसान होऊ शकतं.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप मात्र बर्फ धरलेल्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो, तो आणि बंद तोटी यांच्या मधलं पाणी दाबलं जातं, आणि त्या टप्प्यात जे सगळ्यात कमकुवत असेल ते जातं. मिक्सरचं काट्रिज, फिल्टरचं भांडं, पंपाचं डोकं, सीपीव्हीसीचा एल्बो यांचा नंबर आधी लागतो. टाकीत वर मोकळी जागा असली तर ती सहसा तगते. फुटलेलं तिथे दिसतही नाही, कारण बर्फच भोक बुजवून बसलेला असतो. खाली उतरून ऊन लागलं, पंप चालू केला, की प्लायखाली पाणी पसरतं.

म्हणून किटच्या आधी पाइप. बेडखालची फळी उचला आणि पाइपवरचा छापा वाचा. क्रीम रंगाचा कडक पाइप, चिकटवलेले जोड आणि छाप्यात आयएस १५७७८ असेल तर तो सीपीव्हीसी. पांढरा, लाल किंवा निळा, हाताने वाकणारा आणि पितळी कडीने आवळलेला असेल तर पेक्स. हिरवा जाड असेल तर पीपीआर. काही गाड्यांत ब्रेडेड होज आणि क्लिप असतात, तर काहींत वॉटर प्युरिफायरवाले वापरतात तसली पुशफिट नळी.

सीपीव्हीसी आणि गुलाबी अँटीफ्रीझमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल यांचं जमत नाही. सीपीव्हीसी बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शनात प्रोपिलीन ग्लायकॉलची मर्यादा २५ टक्के आहे. त्याहून तीव्र द्रव आत राहिला तर जिथे पाइपवर आधीच ताण आहे, म्हणजे जोर लावून वाकवलेला तुकडा किंवा प्रमाणाबाहेर आवळलेला थ्रेडेड अडॅप्टर, तिथे केसासारख्या चिरा पडतात. त्या लगेच कळत नाहीत, काही आठवड्यांनी गळती म्हणून समोर येतात. २५ टक्क्यांच्या मिश्रणाचा गोठणबिंदू जेमतेम उणे १० आहे. मनालीला एखादी रात्र निघेल, काझाला नाही. तेव्हा सीपीव्हीसीच्या गाडीला पाइपात द्रव भरण्याचा मार्ग बाद धरा आणि हवेने पाणी काढा. पेक्स, पीपीआर किंवा होजची गाडी असेल तर दोन्ही मार्ग खुले आहेत.

आता त्या गुलाबी कॅनबद्दल. त्यावर ठळक अक्षरांत उणे ५० लिहिलेलं असतं. ते फॅरनहाइट आहे, सेल्सिअसमध्ये उणे ४५ च्या आसपास. शिवाय तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे, द्रव पातळ राहण्याचा नाही. त्याच्या बरंच आधी द्रवाचा चिखल होतो. चिखल झाला तरी पाइप फुटत नाही, पण पंप चालवाल तर पंपाचं नुकसान कराल. काही स्वस्त कॅनमध्ये ग्लायकॉलच्या जोडीला इथेनॉल असतं. ते रबरी सील कोरडे करतं आणि पेट घेतं, म्हणून ते टाळावं. घटक कॅनवर सापडले नाहीत तर सेफ्टी डेटा शीट मागा. ती मिळत नसेल तर तो माल घेऊ नका. आयात कॅनमध्ये मोठा भाग पाण्याचाच असतो आणि त्याचंही भाडं आपणच भरतो, हा आमचा मुख्य आक्षेप.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल व्यापाऱ्यांकडे शुद्ध प्रोपिलीन ग्लायकॉल मिळतं आणि पैशाच्या हिशेबात तेच परवडतं. ५ लिटर ग्लायकॉल आणि ५ लिटर पाणी मिळून १० लिटर मिश्रण होतं, ते साधारण उणे ३३ पर्यंत गोठत नाही. ४० टक्के घेतलं तर उणे २१ च्या आसपास. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं वापरा. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत येणारं टँकरचं जड पाणी यात घालू नका.

पण ग्रेडच्या बाबतीत तडजोड नको. आयपी किंवा यूएसपी ग्रेडचा, म्हणजे औषधी दर्जाचा, सीलबंद कॅन घ्या, बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा, आणि त्यात इथिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या आत आहे ना ते वाचा. सुटा माल, डबा बदलून दिलेला माल अजिबात नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर लेंटिन आयोग बसला. आपल्या गाडीच्या नळाचं पाणी पुढे चहाला, भाजीला लागणार असतं. याच कारणासाठी इंजिनाचं कूलंट नळात कधीही घालायचं नाही. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं, चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. गॅरेजमधला पोऱ्या 'साहेब, दोन्ही अँटीफ्रीझच की' म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

ब्लो-आउट प्लगचं दुखणं आट्यांचं आहे. अमेरिकी होजचे आटे इंचाला साडेअकरा असतात, आपल्या पाऊण इंची बीएसपीचे (आपल्याकडच्या नळांच्या आट्यांचं ब्रिटिश माप) चौदा. तो एक वेढा चढतो आणि अडकतो. जोर लावला तर पितळ प्लास्टिकचा जोड खाऊन टाकतं. बायपासची अडचण याहून फसवी आहे. त्याचे अर्धा इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे आटे इंचाला चौदाच असतात, त्यामुळे ते बीएसपीत सहज चढतात, पण आट्यांचा कोन वेगळा असल्याने कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा, थेंब थेंब गळत राहतात.

प्लग इथे बनवणं सोपं आहे. पाऊण इंच ते पाव इंच पितळी रिड्यूसिंग बुश, त्यावर पाव इंची निपल, मग गेजसकट एअर फिल्टर-रेग्युलेटर, आणि त्याच्या हवा आत घेणाऱ्या टोकाला टायरचा व्हॉल्व्ह, आतली पिन काढून. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या बाजूला न्यूमॅटिक्सच्या दुकानात हे मिळून जातं. दुकानदार सवयीने एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) युनिट पुढे करतो. त्यातला शेवटचा भाग ल्युब्रिकेटर आहे, तो हवेत मुद्दाम तेल सोडतो, म्हणून आपल्याला फक्त एफआर हवा. असा प्लग सोबत असला की हायवेवरचा कुठलाही पंक्चरवाला आपल्या कामाचा. त्याच्या टाकीतला दाब शंभर पीएसआयच्या पुढे असतो, तो रेग्युलेटरवर २५ ते ३० वर आणायचा, आणि कॉम्प्रेसरमधलं पाणी आणि बरंचसं तेल फिल्टरच्या वाटीत अडकतं. बारा व्होल्टचा छोटा इन्फ्लेटर यासाठी तोकडा पडतो. तो दाब दाखवतो, पण पाणी ढकलायला लागणारा हवेचा लोंढा त्याच्यात नाही.

सीपीव्हीसीला हवा मारताना एक नियम मोडायचा नाही: हवा सुरू असताना एक तरी तोटी उघडी हवीच. हा पाइप पाण्याचा दाब सोसतो, पण कोंडलेल्या हवेखाली तडकला तर तुकडे उडतात. आधी तोटी उघडायची, मग हवा सोडायची. बंद करताना उलट.

थ्री-वे व्हॉल्व्ह आणि त्याची शोषक नळी ही या किटमधली सगळ्यात कामाची वस्तू. तो टाकी आणि पंप यांच्या मध्ये बसतो. चावी फिरवली की पंप टाकीऐवजी कॅनमधून ओढतो, आणि १०० लिटरची टाकी द्रवाने भरावी लागत नाही. इथे बहुतेक ठिकाणी होज असल्याने आट्यांचा प्रश्न येत नाही, अर्धा इंची बार्ब (नळीत घुसणारा खाचांचा जोड) आणि दोन क्लिप पुरतात. फक्त पंपाच्या गाळणीच्या आधी बसवा, म्हणजे गाळणीतही द्रव पोचेल. तो बसवला की हातपंपाची गरज उरत नाही. पंपापर्यंत हातच जात नसेल अशा गाडीलाच हातपंप घ्या.

बायपास म्हणजे दोन टी आणि तीन बॉल व्हॉल्व्ह: एक गिझरच्या थंड बाजूला, एक गरम बाजूला, एक दोघांना जोडणाऱ्या तुकड्यावर. कुठलाही बरा प्लंबर अर्धा इंची पितळी व्हॉल्व्ह घेऊन तासाभरात करून देतो. बायपास नसेल तर १० लिटरच्या गिझरला १० लिटर द्रव जास्त लागतो, म्हणजे जवळपास दुप्पट खर्च. बायपास असला की एक सिंक, एक बेसिन, एक शॉवर असलेल्या गाडीच्या पाइपांना ६ ते ८ लिटर पुरतात, शिवाय प्रत्येक ट्रॅपला (सिंक-बेसिनखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकाला) अर्धा लिटर आणि सांडपाण्याच्या टाकीच्या गेट व्हॉल्व्हजवळ साचायला लिटरभर.

काम गिझरपासून सुरू करायचं. विजेचा मेन बंद, पाणी थंड होऊ द्यायचं, मगच खोलायचं. आपले उभे स्टोरेज गिझर किटच्या सूचनापत्रकातल्या हीटरसारखे नसतात, त्यांना बहुधा खाली वेगळा ड्रेन प्लग नसतो. गरम पाण्याची नळी आत थेट वरपर्यंत गेलेली असते, थंड पाणी खालून येतं. म्हणून गरम तोटी उघडून हवा आत घ्यायची आणि पाणी थंड बाजूने काढायचं. पण तिथे सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये एनआरव्ही असतो, तो पाणी मागे येऊ देत नाही. पान्याने तो व्हॉल्व्ह सोडवल्याशिवाय गिझर रिकामा होत नाही. 'तोटीतून पाणी थांबलं, झालं' असं समजून इथेच सगळ्यात जास्त गिझर जातात. रिकामा झाला की स्विचवर पट्टी चिकटवा. कोरडा गिझर कुणी चालू केला तर एलिमेंट जळतं. ट्रुमाचा कॉम्बी हीटर असेल तर त्याचा फ्रॉस्टकंट्रोल व्हॉल्व्ह साधारण ३ अंशांना आपोआप उघडून १० लिटर पाणी सोडतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद करता येत नाही. तो फक्त हीटर वाचवतो. पाइप, पंप आणि तोट्या आपल्यालाच बघाव्या लागतात.

मग टाकी आणि सगळ्यात खालच्या पातळीचे ड्रेन उघडायचे, फिल्टरच्या काड्या (कँडल) काढायच्या, भांडी उपडी करून परत सैल लावायची. आरओ किंवा यूएफ प्युरिफायर असेल तर मेम्ब्रेन ओलसर पिशवीत बांधून केबिनमध्ये सोबत ठेवा. त्यातून ग्लायकॉल जाता कामा नये.

पेक्सच्या गाडीत यानंतर बायपास लावून पंप कॅनवर घ्यायचा आणि पंपाजवळच्या तोटीपासून लांबच्या तोटीपर्यंत, थंड वेगळं, गरम वेगळं, असं द्रव येईपर्यंत सोडत जायचं. सिंगल लिव्हर मिक्सर दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही जागी फिरवा. नुसता रंग दिसला की थांबणं ही नेहमीची चूक. पाइपात २ लिटर पाणी उरलेलं असताना ६ लिटर अर्धेअर्धे मिश्रण सोडलं तर आत साडेसदतीस टक्केच राहतं आणि उणे ३३ चं उणे १९ होतं. म्हणून थेंबावरून द्रवाचा गोठणबिंदू दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्याच. शेवटच्या तोटीतला एक थेंब काचेवर, झाकण खाली, उजेडाकडे धरा आणि प्रोपिलीनची पट्टी वाचा. शेजारची इथिलीनची पट्टी वाचली तर आकडा चुकतो. ठाण्यात पाणी गोठत नसल्याने केलेलं काम तपासायचा हाच एक खात्रीचा मार्ग आहे. पैसे देऊन कुणाकडून करून घेत असाल तर बिलाआधी हा थेंब समोर बघा.

सीपीव्हीसीच्या गाडीत तोट्यांना आळीपाळीने हवा द्या. तुषार थांबून नुसती हवा यायला लागली की दुसरी तोटी, आणि अशी पूर्ण फेरी दोनदा. पाइपात चमचाभर पाणी उरलं तर चालतं, त्याला फुगायला जागा असते. पंपाच्या डोक्यात मात्र हवा काम करत नाही, कारण डायफ्राम पंपाला स्वतःचेच एकमार्गी व्हॉल्व्ह असतात. पंपाची बाहेर जाणारी होज सीपीव्हीसीपासून सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि कॅनमधून अर्धा लिटर द्रव पंपातून जाऊ द्या. पाइपाला ग्लायकॉल लागत नाही आणि पंप वाचतो.

सूचनापत्रकात नसलेली आणि आपल्याकडे प्रत्येक गाडीत असलेली वस्तू म्हणजे संडासातला जेट स्प्रे. त्याची नळी पाण्याने भरलेली, खटका बंद, वरून अँगल कॉक बंद: दोन्ही बाजूंनी कोंडलेलं पाणी. अँगल कॉक उघडा, खटका दाबून धरा, नळी पूर्ण खाली सोडा. त्यातली प्लास्टिकची दांडी सगळ्यात आधी तडकते. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवू नका. आतल्या गोळ्याच्या पोकळीत आणि भोवती पाणी अडकून राहतं. चावी ४५ अंशांवर ठेवली की ते निघून जातं. बाहेरून पाणी जोडायच्या जागी पंपाचा द्रव पोचत नाही, कारण तिथेही एनआरव्ही आहे. दाब सोडून, जाळी काढून, आतली टोपी बोटाने दाबा, अडकलेलं पाणी बाहेर येईल. कॅसेट टॉयलेट रिकामं करून त्यात कपभर द्रव ओता आणि पाती एकदा उघडमीट करा, म्हणजे रबर चिकटणार नाही.

हे ठाण्याहून निघतानाच करावं का? आमच्या मते नाही. मनाली इथून सुमारे १,९०० किलोमीटर, आणि त्यातल्या बहुतेक वाटेवर नळाचं पाणी हवंच असतं. इथे निघण्याआधी पूर्ण सराव करा, जोड गळतात का बघा, डबा भरून सोबत ठेवा, आणि खरं काम चंदीगड किंवा फार तर मंडीला, दिवसाउजेडी उरका. पुढे प्यायला जार आणि तोंड धुवायला बादली. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाडीत सांडपाण्याची टाकी बरेचदा चॅसीखाली लोंबत असते. केबिनमध्ये डिझेल हीटर असला तरी तिला त्याची ऊब पोचत नाही, म्हणून ती कोरडीच ठेवा. वाटेत वापरावीच लागली तर सकाळी निघण्याआधी योग्य जागी रिकामी करा. काढलेलं ग्लायकॉल नाल्यात किंवा नदीत सोडू नका. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. कॅनमध्ये परत भरून आणलं तर गाळून पुढच्या हिवाळ्यात ट्रॅपसाठी चालतं.

परत आल्यावर टाकी एकदम भरू नका. १० लिटर घाला, सगळ्या तोट्या बंद करून पंप चालू करा. दाब भरून पंप थांबला की तासभर तसाच ठेवा. कुणी तोटी उघडली नसताना तो मध्येच घुरघुरला तर कुठेतरी गळतंय. आधी जेट स्प्रे, मग मिक्सरचं काट्रिज, मग फिल्टरचं भांडं, मग गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. चारही कोरडे असतील तर पंपाच्या दोन्ही बाजूंच्या क्लिप आवळा. तरीही घुरघुरला तर पंपाचा आतला व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय, डोक्याचं किट बदलावं लागेल. पंप शांत राहिला तर पाइप धुवून घ्या, मग टाकी भरून १०० लिटरला १०० मिलिलिटर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घाला, प्रत्येक तोटीतून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा आणि साध्या पाण्याने वास जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. फिल्टरच्या नव्या काड्या आणि मेम्ब्रेन त्यानंतरच बसवा, क्लोरीन मेम्ब्रेन खातं.